मोटारीचा गेलेला दम

मोटारगाडीच्या टर्बोचार्जरचा दाब थोड्या खर्चांत कसा वाढवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय यंत्राचा आहे आणि मी यंत्रज्ञ नव्हे. शाळेंत मुलांना पदार्थविज्ञानाचीं मूलतत्त्वें शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तरीही हा विषय मीं अंगावर घेतला, याचें कारण असें कीं, या बाबतींत गेल्या उन्हाळ्यांत माझ्याकडून एक चूक घडली आणि तिची किंमत मात्र दुसऱ्यास द्यावी लागली. ती हकीकत आधीं सांगतों.

नांदेडहून लोहा, अहमदपूर आणि चाकूर या मार्गें लातुरास जाणारा रस्ता सुमारें १४० किलोमीटरांचा आहे. या रस्त्यावर माझा एक जुना विद्यार्थी स्वतःची डिझेल गाडी भाड्यानें चालवितो. लातूरच्या शिकवणीवर्गांना जाणारीं मुलें, तेथील दवाखान्यांत जाणारे रुग्ण आणि लग्नसराईंतील पाहुणे हें त्याचें नेहमींचें गिऱ्हाईक. गाडी पंधरा वर्षांची जुनी. परंतु त्यानें ती पोटच्या पोराप्रमाणें जपलेली. एके दिवशीं सकाळीं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, गाडी ओढत नाहीं. चढाला सारखा गिअर खालीं आणावा लागतो, अन् मागून काळा धूर निघतो. मिस्त्री म्हणतो, दीड हजारांत टर्बोचा दाब वाढवून देतो. करूं का?"

मीं त्यास शाळेंतला नियम ऐकविला. हवा अधिक मिळाली तर ज्वलन अधिक, आणि ज्वलन अधिक झालें तर शक्ति अधिक. "मग कर की," असें मी म्हणालों. नियम खरा होता. परंतु गाडीला हवा कमी कां पडूं लागली, हा प्रश्न मीं त्याला विचारला नाहीं आणि मिस्त्र्यानेंही विचारला नाहीं.

पंधरा दिवस गाडी झपाट्यानें पळाली. मग मे महिन्यांतील एका दुपारीं अहमदपूरच्या अलीकडे, गाडींत एक आजारी बाई आणि तिचा मुलगा असतां, समोरून शिट्टीसारखा तीव्र आवाज झाला, मागें निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गाडी जागच्या जागीं थांबली. दोन तास ती बाई लिंबाच्या सावलींत रस्त्याच्या कडेला बसून होती. शेवटीं दुसरें वाहन मिळालें, ती लातुरास पोंचली आणि पुढें बरीही झाली, म्हणून आज हें सांगण्याचें धैर्य मला होत आहे. गाडी खोलली तेव्हां टर्बोचीं बेअरिंगें झिजून त्याचा आंस निकामी झालेला आढळला. नवा टर्बो, तेल आणि मजुरी मिळून चाळीस हजारांवर खर्च आला. आणि मुळांत जिच्यामुळें गाडीचा दम गेला होता, ती गोष्ट कोणती निघाली? इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या अंगानें गेलेली बोटभर चीर! त्या नळीची किंमत आठशें रुपये होती.

तेव्हां श्रोते हो, माझें आजचें सांगणें एवढेंच आहे कीं, टर्बोचा दाब वाढविण्याचा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय म्हणजे त्याचा गेलेला दाब शोधून परत आणणें. तें न करतां वरून दाब वाढविणें हें स्वस्त दिसतें, परंतु स्वस्त नसतें. हें कां, आणि गेलेला दाब शोधावा कसा, तें आतां क्रमानें पाहूं.

इंजिनाला इंधन लागतें हें सर्वांस ठाऊक असतें. त्याला हवाही लागते हें मात्र आपण विसरतों. एक लिटर डिझेल पुरतें जळण्यास सुमारें १२ किलोग्रॅम हवा लागते. आकारमानानें ती दहा-अकरा घनमीटर भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलींत २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे आपल्या घरांतील एका लहानशा खोलीची सारी हवा अडीच लिटर डिझेल जाळण्यांतच संपून जाईल. विहिरीवरचें जुनें तेल-इंजिन ही हवा स्वतःच ओढून घेई. दट्ट्या खालीं सरकला कीं नळकांड्यांत पोकळी उत्पन्न होई, आणि बाहेरची हवा आपल्या भारानें तींत शिरे. बाहेर हवेचा दाब जेवढा असेल त्याहून अधिक दाट हवा आंत येणें शक्य नसे.

१९०५ सालीं आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस इंजिनियरानें या अडचणीवरील एका युक्तीचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणारा धूर अतिशय तप्त असतो. इंधनांतील उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा त्याच्याबरोबर फुकट जातो. ब्यूखीनें विचार केला कीं, या धुराच्या वाटेंत पात्यांचें एक चाक ठेवावें. धुराच्या जोरानें तें फिरेल. त्याच आंसाच्या दुसऱ्या टोंकाला दुसरें चाक बसवावें. तें बाहेरची हवा दाबून इंजिनांत लोटील. टर्बोचार्जर म्हणतात तो हाच. वायां जाणाऱ्या धुरानें नव्या हवेची हमाली करावी, अशी ही योजना आहे.

या यंत्राचा एक सुरुवातीचा उपयोग आपल्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाच्या इंजिनाची शक्ति घटते. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें लिबर्टी नांवाचें विमानाचें इंजिन १४,००० फुटांहून उंच अशा पाइक्स पीक या पर्वतावर नेलें, आणि तेथें घटलेली शक्ति टर्बोच्या साहाय्यानें परत मिळवून दाखविली. म्हणजे तेथेंही पहिला हेतु गमावलेलें परत आणण्याचाच होता. पुढें १९७८ सालीं मर्सिडीझनें टर्बो लावलेली डिझेल प्रवासी मोटार बाजारांत आणली, आणि आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व डिझेल मोटारी टर्बोच्याच असतात.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. समुद्रसपाटीपासून दर १०० मीटर चढलें कीं हवेचा दाब सुमारें एक टक्क्यानें उतरतो. मुंबईस समुद्रकांठीं तो सुमारें १०१ किलोपास्कल असतो, गोदावरीकांठच्या नांदेडास सुमारें ९७, आणि बालाघाटाच्या पठारावरील लातुरास सुमारें ९४. उष्णतेचाही परिणाम लक्षांत घेण्याजोगा आहे. २५ अंशांवरची हवा ४३ अंशांवर गेली कीं ती सुमारें सहा टक्क्यांनीं विरळ होते. म्हणून मे महिन्याच्या दुपारीं भरलेली गाडी चढाला जड वाटली, तर तेवढ्यावरून टर्बोला दोष देऊं नये. तीच गाडी पहांटे सहाच्या सुमारास त्याच रस्त्यावर चालवून पाहावी. पहांटेही ती ओढेनाशी असेल, धूर काळा असेल आणि डिझेल अधिक जात असेल, तर मग दाब कोठें तरी गळतो आहे असें समजावें.

या तपासणीची पहिली पायरी म्हणजे मोजणें. ताप आहे कीं नाहीं हें कपाळाला हात लावून ठरविणारे पुष्कळ. थर्मामीटर लावणारे थोडे. गेल्या दहा वर्षांतील बहुतेक मोटारींत स्टिअरिंगच्या खालीं तपासणीचें एक सॉकेट असतें. त्यांत बसणारें आणि भ्रमणध्वनीवर आंकडे दाखविणारें लहानसें यंत्र हजार रुपयांच्या आंत मिळतें. इंजिन सुरूं न करतां नुसती किल्ली फिरवावी आणि मॅनिफोल्डमधील दाब वाचावा. तो बाहेरच्या हवेइतका, म्हणजे नांदेडास ९७ च्या आसपास आला पाहिजे. तो फारच वेगळा आला, तर दाब सांगणारा संवेदकच बिघडला आहे. नंतर मोकळ्या रस्त्यावर, गाडीवर भार असतां, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तो आंकडा पुन्हां वाचावा. वाचणारा शेजारीं बसलेला असावा. चालकानें रस्त्यावरून दृष्टि काढूं नये. समजा, आंकडा १९० आला. त्यांतून ९७ वजा केले कीं ९३ किलोपास्कल, म्हणजे एका बारला थोडा कमी, एवढा टर्बोचा वाढीव दाब झाला. बनविणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकांत त्या गाडीसाठीं जो दाब दिलेला असतो, त्याच्याशीं तो ताडून पाहावा. सॉकेट नसलेल्या जुन्या गाडीला कांट्याचें साधें दाबमापक जोडतां येतें. या एका मोजणीनें निम्मा वाद मिटतो, कारण दाब पुरेसा असूनही गाडी ओढत नसेल तर दोष टर्बोंत नसून इंधनाच्या वाटेंत, क्लचमध्यें किंवा जाम झालेल्या ब्रेकमध्यें असतो.

दाब खरोखरच कमी भरला, तर पुढील गोष्टी खर्चाच्या चढत्या क्रमानें पाहाव्या.

प्रथम एअर फिल्टर. आपल्याकडील काळ्या मातीची धूळ अत्यंत बारीक असते, आणि सोयाबीनची मळणी चालू असतां शेतरस्त्यांवर भुशाचे ढग उठतात. शहरांतील गाडीसाठीं सांगितलेली फिल्टर बदलण्याची मुदत अशा रस्त्यांना लागू पडत नाहीं. नाक चोंदलेला माणूस जसा धांवूं शकत नाहीं, तशी चोंदलेल्या फिल्टरची गाडी ओढूं शकत नाहीं. फिल्टर पंक्चरवाल्याच्या हवेनें जोरांत फुंकून साफ करण्याची पद्धत सर्रास दिसते. तींत कागदाला सूक्ष्म भोंकें पडतात आणि तींतून गेलेली धूळ टर्बोचीं पातीं खाऊन टाकते. कांहीं शें रुपयांचा नवा फिल्टर घालणें हाच काटकसरीचा मार्ग होय. फिल्टर मुळींच काढून टाकून "मोकळी हवा" देणारे महाभागही आहेत. त्यांची गाडी चार महिने पळते आणि पांचव्या महिन्यांत इंजिन उतरवावें लागतें.

दुसरी गोष्ट गळतीची. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत रबरी नळ्या गेलेल्या असतात. उष्णतेनें आणि तेलाच्या वाफेनें त्या फुगतात, मऊ पडतात आणि चिरतात. क्लिपा सैल होतात. गाडी उभी असतांना ती चीर मिटलेली असते, आणि दाब चढला कीं तोंड उघडते. म्हणून ती नुसत्या डोळ्यांना सहसा सांपडत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतींत हेंच घडलें. जेथें नळीच्या बाहेर तेलकट धूळ चिकटलेली दिसेल, किंवा भार पडतांच फुसफुस ऐकूं येईल, तेथें संशय धरावा. खात्री करण्याची रीत पंक्चरवाल्याचीच आहे. इंजिन बंद आणि थंड असतां टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडावर घट्ट टोपण बसवून त्यांतून हवा भरावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें गळती. टायरमध्यें आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतों. येथें आठ-दहा पौंडांच्या वर जाऊं नये, अन्यथा तेलाचे सील दुखावतात. क्लिप पन्नास-शंभर रुपयांना मिळते. हें काम जाणत्या मिस्त्र्याकडून करून घेतलें तरी मजुरी फार होत नाहीं.

ज्या लातुरानें २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी प्यालें, त्या लातुरास गळतीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नळाला पाणी कमी आलें, तर शहाणा गृहस्थ आधीं घरांतले सांधे तपासतो. जो सांधे न पाहतां दुप्पट शक्तीची मोटार बसवितो, त्याच्या विजेचें बिल वाढतें, गळती वाढते आणि शेवटीं मोटार जळते. टर्बोची गोष्ट याहून निराळी नाहीं.

तिसरी गोष्ट बारीक नळ्यांची. टर्बोच्या दाबावर ताबा ठेवणारा ॲक्च्युएटर नांवाचा एक लहानसा डबा असतो. त्याला जाणारी नळी बोटाहूनही बारीक असते. कित्येक गाड्यांत ती पोकळीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालते. ही नळी टोंकाशीं तडकली कीं टर्बोचीं फिरतीं पातीं योग्य जागीं येत नाहींत आणि दाब चढत नाहीं. पुष्कळदां "टर्बो गेला" असें सांगून नवा टर्बो गळ्यांत मारला जातो, आणि खरा दोष या शंभर रुपयांच्या नळीचा असतो. टर्बो बदलण्यापूर्वीं या नळ्या, त्यांवरील झडप आणि ॲक्च्युएटरची दांडी मोकळी हलते कीं नाहीं, हें आपल्या समोर तपासून घ्यावें. जी गाडी सदैव गल्लीबोळांतून मंद गतीनें चालते, तिच्या टर्बोंत काजळी धरून हीं पातीं अडकतात. अशी गाडी इंजिन तापल्यावर अधूनमधून मोठ्या रस्त्यावर भारासह चालवावी. त्यास कांहींच खर्च नाहीं.

चौथी गोष्ट इंटरकूलरची. सायकलच्या पंपानें हवा भरतांना पंप तापतो, हें आपण पाहिलें आहे. टर्बोंतही तसेंच होतें. ४० अंशांवरची हवा टर्बोनें दुप्पट दाबाची केली, तर ती सुमारें १४० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबाचा बराचसा लाभ हातचा जातो. म्हणून ती इंटरकूलरमधून नेऊन निववितात. १४० अंशांवरून ती ६५ अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला ती पांचव्या हिश्श्याहून अधिक दाट होते. टर्बोला हात न लावतां मिळणारा हा लाभ आहे. परंतु इंटरकूलर गाडीच्या पुढच्या बाजूस असल्यानें त्याच्या पापुद्र्यांत चिखल, भुसा आणि किडे अडकून बसतात. हलक्या धारेच्या पाण्यानें तो बाहेरून धुवावा. जोराच्या फवाऱ्यानें पापुद्रे वांकतात, म्हणून तो वापरूं नये.

पांचवी गोष्ट धुराच्या वाटेची आणि तेलाची. टर्बोच्या आधींच्या सांध्यांतून धूर निसटत असेल, तर चाक फिरविणारा जोरच कमी पडतो. तेथें काळी काजळी जमलेली दिसते. पुढें सायलेन्सरची वाट तुंबली असेल, तरीही दाब चढत नाहीं. तुंबलेली जाळी नीट साफ करून घ्यावी किंवा बदलावी. ती काढून टाकणें हा उपाय नव्हे, कारण तिनें अडविलेला धूर आपल्याच मुलाबाळांच्या छातींत जातो. आणि तेलाविषयीं एवढेंच सांगतों कीं, लहान मोटारीच्या टर्बोचा आंस भरवेगांत मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो फिरतो तेलाच्या केसाहून पातळ अशा थरावर. ठरलेल्या प्रतीचें तेल वेळेवर बदलणें, आणि लांबच्या धांवेनंतर इंजिन लगेच बंद न करतां मिनिटभर तसेंच चालूं देणें, या दोन संवयींनीं टर्बोचें आयुष्य वाढतें.

आतां त्या दीड हजारांच्या उपायाकडे येऊं. तो खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. त्यानें दाब खरोखर वाढतो. कसा वाढतो तें घरांतील प्रेशर कुकरवरून ध्यानांत येईल. कुकरमध्यें वाफ ठराविक दाबाला पोंचली कीं शिट्टी उचलली जाते आणि जास्तीची वाफ निघून जाते. टर्बोलाही असें एक दार असतें, त्यास वेस्टगेट म्हणतात. टर्बोनें दाबलेली थोडी हवा बारीक नळीनें ॲक्च्युएटरकडे येते. ठराविक दाब होतांच ती आंतील स्प्रिंगवर मात करून दार उघडते. मग कांहीं धूर चाकाला वळसा घालून परस्पर निघून जातो, आणि चाक बेफाम होत नाहीं. मिस्त्री त्या नळींत एक टी बसवून थोडी हवा बाहेर सोडून देतो. ॲक्च्युएटरला खऱ्या दाबापेक्षां कमी दाब जाणवतो, दार उशिरा उघडतें आणि दाब चढत राहतो. दांडीची लांबी कमी करूनही हेंच साधतात. कुकरच्या शिट्टीवर बत्ता ठेवून डाळ लवकर शिजविण्याचा हा प्रकार आहे. डाळ लवकर शिजेलही. पण त्या स्वयंपाकघरांत आपण आपल्या घरच्या माणसांना उभें राहूं देऊं काय?

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडींत आधींच नळी चिरलेली. गळून जाणारी हवा भरून काढण्यासाठीं टर्बो नेहमींपेक्षां अधिक वेगानें फिरतच होता. त्यावर टी बसविल्यानें त्याला आवरणारें दारही उघडेनासें झालें. वेग मर्यादेबाहेर गेला, तेलाचा थर तुटला आणि बेअरिंगें गेलीं. हें यथाक्रम मला कळलें, तें गाडी उघडून समोर ठेवल्यानंतर. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानानें हवा कमी, हें सूत्र मीं मुलांना वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिलें होतें; पण त्या सकाळीं माझ्या दारांत उभ्या असलेल्या गाडीचा धूर मला वाचतां आला नाहीं.

नळी चांगली असली तरीही या उपायाचा लाभ अल्प आणि धोका मोठा आहे. डिझेल इंजिनांत हवा वाढविली आणि इंधन तेवढेंच ठेवलें, तर शक्ति फारशी वाढत नाहीं. इंधनही वाढविलें, तर नळकांड्यांतील दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात, आणि हेड गॅस्केट, दट्टे, बेअरिंगें या सर्वांवर बनविणाऱ्यानें न कल्पिलेला ताण येतो. पेट्रोलच्या इंजिनांत तर मिश्रण अवेळीं पेटून, ज्यास नॉकिंग म्हणतात, तें सुरूं होतें आणि दट्टे फुटतात. नव्या गाड्यांत संगणक असतो. दाब प्रमाणाबाहेर गेला कीं तो इंधन तोडतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीनें चालूं लागते. म्हणून बाजारांत कांहीं डब्या मिळतात, त्या संवेदकास खोटा आंकडा सांगावयास लावून संगणकाची फसवणूक करितात. घरांतील वैद्याला खोटी नाडी दाखवून औषध घेण्यासारखेंच तें आहे.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, बनविणाऱ्यानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपुस्तकांतील तपशील जुळेनासा होईल असा फेरफार वाहनांत करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या अशा प्रत्येक फेरफाराबद्दल पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा मालकास ठेविली आहे. धुराची मर्यादा ओलांडली तर तो आणखी वेगळा गुन्हा. विम्याचा दावा करतांना असा फेरफार आड येऊं शकतो, हेंही भाड्याची गाडी चालविणाऱ्यानें विसरूं नये.

मग अधिक शक्ति कोणास मिळूंच नये काय? अवश्य मिळावी, पण ती कशी मिळते हें कारखानदारांकडून शिकावें. आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षें धांवलेलें १२४८ घनसेंटीमीटरांचें मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. फियाटनें आणि मारुतीनें तें पुष्कळ गाड्यांत बसविलें. मारुति स्विफ्टमध्यें तें ७५ अश्वशक्तीचें होतें. मारुति एर्टिगासारख्या गाड्यांत तेंच ९० अश्वशक्तीचें झालें. या पंधरा अश्वशक्तींसाठीं स्क्रू पिळला गेला नाहीं. पातीं फिरवून धुराची वाट कमीजास्त करणारा निराळा टर्बो बसविला, आणि इंधनाचें प्रमाण त्याला अनुसरून ठरविलें. हवा, इंधन आणि उष्णता या तिहींचा हिशेब एकदम जुळवावा लागतो. तो जुळविण्याचीं साधनें गल्लींतल्या गॅरेजांत नसतात. ज्यास खरोखरच अधिक शक्ति हवी, त्यानें गाडी घेतांनाच ती पाहून घ्यावी. तें शेवटीं स्वस्त पडतें.

माझ्या विद्यार्थ्यानें आतां डिकींत एक डबी ठेवली आहे. तींत साबणाचा तुकडा, ब्रश, चार क्लिपा आणि बारीक नळीचा हातभर तुकडा असतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तो आणि त्याचा मुलगा मिळून सांधे तपासतात. गेल्या महिन्यांत मी तेथें सहज गेलों होतों. मुलानें एका सांध्यावर फेस लावला, बुडबुडा आला, आणि तो मला म्हणाला, "गुरुजी, येथून दम जातो." मीं त्याच्या हातांत क्लिप दिली. नवा टर्बो बसवितांना झालेल्या खर्चाचा अर्धा भाग मीं द्यावा असें मला वाटलें होतें. विद्यार्थ्यानें तो घेतला नाहीं. "गुरुजी, तुम्ही हें चार लोकांना सांगा, म्हणजे फिटलें," असें तो म्हणाला. आज तें सांगितलें.